ठणका

"मला त्यांची भाषा हवी आहे," डॉ. शर्वरी नाडगौडा म्हणाल्या. "जितकी मिळेल तितकी. लिहिलेली, बोललेली, कुठलीही."

"पोतं भरून देते," मी म्हटलं. "रिक्षा मात्र तुमची."

मिरजेच्या त्या पुनर्वास केंद्रातल्या खोलीत आम्ही तिघी उभ्या होतो आणि पलंगावर गफूर पडलेला होता. गफूर मुजावर, बँकेतून निवृत्त झालेला कॅशियर, कवी, आणि तीस वर्षं माझ्याबरोबर 'अधेमधे' नावाचं कवितांचं अनियतकालिक चालवणारा हट्टी माणूस. मी वत्सला मगदूम, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली मास्तरीण. अंक नावाप्रमाणेच अधेमधे निघायचा. वर्गणीदार एका पंगतीत जेवून उठतील एवढेच, पण चिवट. यंत्रं धडाधड कविता पाडायला लागली तेव्हा बाकीच्या संपादकांनी हात टेकले. आम्ही नियम केला की कविता हातानं लिहून टपालानंच पाठवायची. लोक हसले. हसोत बापडे, असं म्हणून आम्ही पुढचा अंक काढला.

मग एका सकाळी अंकाची पाकिटं चिकटवता चिकटवता गफूर खुर्चीतून खाली सरकला. मेंदूच्या देठात रक्ताची गुठळी झाली होती. वरचा मेंदू धडधाकट, खालचं शरीर धडधाकट आणि दोघांना जोडणारा रस्ता बंद. त्याला ऐकू यायचं, सगळं कळायचं, स्पर्श समजायचा. हलायचे ते फक्त डोळे, तेही वर आणि खाली. वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. आम्ही अक्षरांचा तक्ता त्याच्यासमोर धरायचो, एकेका अक्षरावर बोट ठेवायचो आणि तो डोळे वर करेपर्यंत थांबायचो. एक वाक्य पुरं व्हायला दुपार जायची आणि ते वाक्य बहुधा शिवी असायची.

"माझ्या फोनवर अब्बांचे निरोप आहेत," तहसीन म्हणाली. तहसीन ही गफूरची एकुलती मुलगी. बस स्टँडजवळ तिचं औषधांचं दुकान आहे. तिनं एक निरोप लावला. गफूरचा खरखरीत आवाज खोलीत घुमला, "तहसीन, आते वख्त दूध लेके आ. और वो गॅसवाल्याकू फोन कर, कित्ते दिन बोल्तूं मैं!"

डॉक्टर म्हणाल्या, "ही घरची बोली आहे. एकसारखी मराठी मिळाली तर यंत्र लवकर शिकेल, पण हेही उपयोगी पडेल. द्या."

"अहो, दूध आणि गॅस!" मी मध्येच बोलले. "त्यात गफूर कुठे आहे? कवीची भाषा त्याच्या कवितेत असते. ह्या माणसानं तीस वर्षं एकेका शब्दासाठी माझं डोकं खाल्लंय. ते द्या यंत्राला, हा कचरा कशाला?"

तहसीननं माझ्याकडं पाहिलं आणि फोन पर्समध्ये टाकला. "मावशी म्हणतात तसं करा. त्यांना जास्त कळतंय."

दुसऱ्याच दिवशी 'अधेमधे'चे सगळे अंक रिक्षानं केंद्रात पोचले.

यंत्राचं नाव होतं वाचासेतू. ते चालतं कसं, हे मी डॉक्टरांकडून नीट समजून घेतलं. शिकवायची खोड जात नाही, म्हणून इथंही सांगते. आपण बोलतो तेव्हा मेंदू जिभेला, ओठांना, टाळूला हुकूम सोडतो. गफूरचे हुकूम सुटत होते, पण पोचत नव्हते. डॉक्टरांनी कवटीखाली, हुकूम जिथून सुटतात त्या जागेवर, एक पातळ जाळी बसवली. जाळी ते हुकूम टिपते आणि यंत्र अंदाज बांधतं की हा 'क' असावा, हा 'त' असावा. नुसताच अंदाज, कारण मेंदूत एका वेळी बाजार भरलेला असतो आणि त्यातून एक आवाज वेचायचा असतो. म्हणून यंत्राला दुसरा भाग लागतो, भाषा जाणणारा. ह्या माणसाच्या तोंडी पुढचा शब्द कोणता शोभेल हे तो ठरवतो आणि मधली भोकं बुजवतो. न शोभणारा शब्द आला तर चूक समजून गाळतो. किती बुजवायचं आणि किती गाळायचं याची एक पातळी असते. पातळी शून्यावर ठेवली तर मेंदूतून येईल तेवढंच बाहेर पडतं, तुटक, अक्षर अक्षर. पातळी चढवली की बोलणं वाहू लागतं.

सुरुवातीला प्रत्येक वाक्यानंतर यंत्र थांबायचं आणि गफूरनं डोळे वर केले तरच पुढं जायचं. थोड्या दिवसांनी डॉक्टरांनी ती अट काढून टाकली. होकारही मेंदूतूनच टिपता येतो, असं त्यांचं संशोधन सांगत होतं. अक्षरांचा तक्ता कपाटामागं गेला.

आणि गफूर बोलला. जुन्या काव्यवाचनांच्या ध्वनिफितींवरून त्याचा आवाजही यंत्रात बसवला होता. उशाजवळच्या डबीतून तो आवाज आला, "वत्सला, तू आलीस. खिडकीतला उजेड आता पुरा झाला."

मी भर दुपारी, नर्ससमोर, हुंदका देऊन रडले. तीस वर्षांत त्यानं मला 'ए मास्तरीण'पलीकडं हाक मारलेली नव्हती. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

तहसीनला तो म्हणाला, "तू माझ्या आयुष्यातली सगळ्यात नेटकी ओळ आहेस." तिनं ते वाक्य कागदावर लिहून दुकानात गल्ल्याच्या वर चिकटवलं. एकदा ती मला म्हणाली, "अब्बा माझ्याशी मराठीत कधी बोलले नव्हते, मावशी. गोड तर नाहीच. शाळेत पहिली आले तर म्हणाले, बाकीची पोरं काय झोपली होती काय. आता रोज काहीतरी चांगलं बोलतात. यंत्राला मराठीच येते म्हणून मराठीत, एवढंच."

महिन्याभरात कविता यायला लागल्या. आधी दोन-चार ओळींच्या, मग सबंध. पहिलं वाचन माझ्याकडं, हा रिवाज चालूच होता. कविता स्वच्छ होत्या, घट्ट होत्या. गफूरचा जुना पसारा त्यात नव्हता. मी मनात म्हटलं, दुखण्यानं माणसाला सोलून काढलं. त्यातली एक कविता आम्ही अंकाची वाट न बघता सगळीकडं पाठवली. तिचं नाव मी ठेवलं, 'ठणका'.

आत काहीतरी ठणकतंय रात्रभर,
बंद गिरणीतलं एखादं चाक
मालक गेल्यावरही फिरावं तसं.
हात नाही पोचत तिथं,
जागा मात्र मला माहीत आहे.
कुणीतरी दिवा घेऊन या
आणि बघा.

काय तिचं कौतुक झालं! पत्रांचा ढीग पडला. एका समीक्षकानं तिच्यात समकालीन मनाची वेदना पाहिली, दुसऱ्यानं उद्ध्वस्त गिरणगाव पाहिलं. ज्या अंकाकडं कुणी ढुंकून पाहत नव्हतं, त्याच्या वर्गणीसाठी नागपूर-गोव्याहून फोन येऊ लागले. आम्ही गफूर मुजावर विशेषांक काढायचं ठरवलं. केंद्राच्या सभागृहात रविवारी सकाळी प्रकाशन, 'ठणका'वर परिसंवाद आणि कवी स्वतःच्या आवाजात कविता म्हणणार.

त्याच रविवारनंतर डॉक्टर यंत्राची मांडणी कायमची पक्की करणार होत्या. मेंदू आणि यंत्र एकमेकांना सरावतात. मांडणी पक्की झाली की मेंदू तेवढाच, त्याच वळणाचा हुकूम सोडायला शिकतो, मग पातळी खाली आणून उपयोग नसतो. गफूरची संमती त्यांनी विचारली होती. डबी म्हणाली होती, "नदीला काठ हवाच. बांधा."

शुक्रवारी दुपारी मी अंकाची शेवटची प्रुफं घेऊन गफूरकडं गेले. छापखानेवाला खोळंबला होता.

आता आमची एक पद्धत सांगायला हवी. 'अधेमधे'त कुठलीही कविता आली की आम्ही तिच्या शेवटच्या ओळी कापायचो आणि कवीकडं परत धाडायचो. कवी शेवटी आल्यावर समजावून सांगायला लागतो, हा आमचा अनुभव. कवीनं भांडून ओळ परत मिळवली तर ती छापायची, मुकाट्यानं मान डोलावली तर ती ओळ त्याची नव्हतीच असं समजायचं. सगळ्यांत जास्त भांडायचा तो गफूर. एका ओळीपायी तो पावसाळाभर माझ्याशी बोलला नव्हता आणि पाकिटं चिकटवायला येऊन भिंतीकडं तोंड करून बसायचा. आजारी माणूस म्हणून एवढे दिवस मी कात्री बाहेर काढली नव्हती. पण प्रूफ वाचताना हात शिवशिवला.

"गफूर, 'ठणका'च्या शेवटच्या दोन ओळी काढते मी," मी म्हटलं. "दिवा घेऊन या आणि बघा, हे फार उघडं होतंय. त्याआधीच कविता संपते."

डबी म्हणाली, "तुझं बरोबर आहे, वत्सला. काढ."

मी पेन्सिल टेकवली आणि थांबले. एवढं सोपं? गफूर?

"बरं, मग राहू देते," मी म्हटलं.

"तुझं बरोबर आहे. राहू दे."

मी प्रूफ खाली ठेवलं आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदाच, आवाजाकडं लक्ष न देता, त्याच्या तोंडाकडं पाहिलं. त्याचे डोळे खाली जात होते. वर येऊन पुन्हा खाली. पुन्हा खाली. पापणीतून पाणी वाहून कानात चाललं होतं. ही आसवं आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. कविता वाचली की गफूरला भरून येतं, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो.

मी त्याच्या अगदी जवळ गेले. "गफूर, ही कविता तुझी आहे का?"

"माझ्यातून ती वाहते," डबी म्हणाली.

डोळे खाली.

मी तशीच डॉक्टरांच्या खोलीत गेले. शर्वरी नाडगौडा वयानं लहान असली तरी बाई सरळ. तिनं वाद घातला नाही. पडद्यावर तिनं 'ठणका'ची नोंद उघडली. यंत्र प्रत्येक शब्दामागं ठेवतं की हा मेंदूतून किती आला आणि भर किती घातली. मेंदूतून आलेले शब्द ठळक दिसत होते, बाकीचे फिके. सगळी कविता फिकी होती. ठळक शब्द चार. आत. ठणकतंय. रात्रभर. बघा.

"एवढेच?" मी विचारलं.

"हे चार शब्द ते सारखे म्हणतायत," डॉक्टर हळू म्हणाल्या. त्या मागच्या दिवसांच्या नोंदी उघडत गेल्या. प्रत्येक कवितेच्या पोटात तेच चार शब्द होते. "यांच्याबरोबर आणखी एक शब्द येतोय. दरवेळी. यंत्र तो गाळतंय, कारण ह्या माणसाच्या भाषेत तो शब्दच नाही."

"कुठला शब्द?"

"गाळल्याची नुसती खूण राहते, शब्द ठेवत नाही यंत्र. पातळी शून्यावर आणली तरच कळेल." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "पण तसं केलं तर आतापर्यंत बसलेली घडी मोडेल. रविवारी ते बोलू शकणार नाहीत, पुढंही असे बोलतील याची खात्री नाही. आणि रविवारी बघायला जी समिती येणार आहे, तिच्यावर बाकीच्या पेशंटांना यंत्र बसवायची मंजुरी अवलंबून आहे. मी टाळत नाहीये, बाई. पण हे मी एकटीनं ठरवायचं नाही. तहसीनची सही लागेल."

'ह्या माणसाच्या भाषेत तो शब्दच नाही.' जिना उतरताना हेच वाक्य माझ्या डोक्यात घण घालत होतं. ह्या माणसाची भाषा पोत्यात भरून मीच आणून दिली होती. त्या कवितांतून मी तीस वर्षं कात्री फिरवली होती. यंत्र जे बोलत होतं, ते मला आवडेल असंच असायचं, कारण माझी आवडच त्याला शिकवली होती. मला स्वतःची शिसारी आली.

शनिवारी सकाळी मी तहसीनच्या दुकानात गेले. गिऱ्हाइकं पांगेपर्यंत थांबले आणि सगळं सांगितलं. तिचा चेहरा दगड झाला.

"म्हणजे मला जे बोलले ते पण?"

"माहीत नाही गं."

"माहीत नाही तर कशाला आलाय सांगायला?" ती एवढ्या जोरानं बोलली की बाहेरचा रिक्षावाला वळून बघायला लागला. "तुमचं काय, मावशी? तुमचा एक अंक जाईल. माझे अब्बा जातील. परत तो तक्ता धरायचा, परत एकेक अक्षर, परत त्यांनी चिडायचं आणि मी रडायचं. आत्ता कुठं घरी गेल्यावर माझ्या घशाखाली घास उतरायलाय."

"आणि तो आतून 'नाही' म्हणत असला तर?"

"तुम्हीच दिल्या होत्या ना कविता? मी माझा फोन देत होते. तुम्हीच म्हणालात कचरा."

तिच्या डोक्यावर तो कागद चिकटवलेला होता. सगळ्यात नेटकी ओळ. मी वर पाहिलं नाही.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली. "जावा तुम्ही."

मी घरी आले. छापखानेवाल्याचे फोन येत होते, ते घेतले नाहीत. अंक छापू नको म्हणावं तर कारण काय सांगू, आणि छाप म्हणावं तर कुठल्या तोंडानं? रविवारी सकाळी मी साडी नेसत होते. तेवढ्यात तहसीनचा फोन आला.

"मावशी, ते चार शब्द परत सांगा."

मी सांगितले.

तिनं ते एकेक करून माझ्यामागं म्हटले. मग म्हणाली, "माझ्या काउंटरवर दिवसभर लोकं हेच सांगत येतात. आत ठणकतंय, रात्रभर झोप नाही, जरा बघा की. कविता नाही हो ही. गेल्या आठवड्यात अब्बांना बारीक ताप होता, मीच गोळी दिलेली. तुम्ही लवकर या."

मी पोचले तेव्हा सभागृहात माणसं जमली होती. दाराशी रांगोळी होती, पोह्यांचा वास सुटला होता आणि आमचे चिवट वर्गणीदार पहिल्यांदाच इस्त्रीच्या कपड्यांत आले होते. समितीचे दोघं पुढच्या खुर्च्यांवर बसलेले. मी कुणाशीही न बोलता गफूरच्या खोलीत गेले. त्याला नवा पांढरा सदरा घातला होता. डॉक्टर यंत्रापाशी उभ्या होत्या आणि तहसीन पलंगावर वाकली होती.

"आजची सकाळ पाखरासारखी हलकी आहे," डबी म्हणाली.

"अब्बा, मेरे कू देखो," तहसीन म्हणाली. "कुछ दुख्ता क्या तुमकू?"

"मला काही दुखत नाही. मी शांत आहे, तळ्यासारखा," डबीतून गफूरचा आवाज आला, मऊ, समजूतदार.

आणि गफूरचे डोळे वर गेले. वर, वर, पुन्हा वर. बुबुळं कपाळात शिरतील असं वाटत होतं.

"बहुत दुख्ता?"

"सारं निवलं आहे," डबी म्हणाली.

डोळे वर.

तहसीननं डबीवर हात मारला. ती खाली पडली तरी आवाज थांबेना. जमिनीवरून गफूर आम्हाला सांगत राहिला की वेदना ही एक जुनी मैत्रीण आहे. "बंद करा ते!" तहसीन किंचाळली. "डॉक्टर, शून्यावर आणा. कागद कुठाय, देते मी सही, आणा आधी शून्यावर!"

डॉक्टरांनी पातळी खाली ओढली. खोली एकदम गप्प झाली. पडदा कोरा झाला. सभागृहातून माइकची खरखर ऐकू येत होती, निवेदक 'अधेमधे'चा इतिहास सांगत होता. पडद्यावर एक रेघ उमटली, मोडली, पुन्हा उमटली. नुसता कचरा येत होता, अर्धी अक्षरं, तुटके स्वर. घडी मोडणार असं डॉक्टर म्हणाल्या होत्या, ती मोडली होती. गफूरच्या कपाळावर घाम आला. मला वाटलं, संपलं. आम्ही त्याचं उरलंसुरलं तोंडही बंद केलं.

"सावकाश, अब्बा. सावकाश," तहसीन त्याच्या केसांतून हात फिरवत होती.

कुणीतरी दार उघडून म्हणालं, "कवींना आणताय ना? सगळे थांबलेत." मी त्याच्या तोंडावर दार लावलं.

पडद्यावर 'दा' आलं. बराच वेळ फक्त 'दा'. मग त्याच्याशेजारी 'ढ'.

दाढ.

तहसीननं मोबाइलचा दिवा लावला आणि त्याचा जबडा अलगद उघडला. आत, अगदी मागं, डाव्या बाजूला हिरडी सुजून काळीनिळी झाली होती. कुणीतरी दिवा घेऊन या आणि बघा. आम्ही ह्याच्यावर परिसंवाद ठेवला होता.

दातांचे डॉक्टर आले, दाढ निघाली, वाटीभर पू निघाला. आणखी थोडे दिवस गेले असते तर तो रक्तात मिसळला असता आणि हलताही न येणारा माणूस हूं का चूं न करता गेला असता, असं ते म्हणाले. आम्ही त्यावर श्रद्धांजली अंक काढला असता, हे ते म्हणाले नाहीत, मी म्हणते आहे. सभागृहात जाऊन सगळं सांगायचं काम डॉ. शर्वरींनी स्वतः केलं. समितीपुढं त्यांनी काही लपवलं नाही. मंजुरी लांबली. यंत्रात होकाराची अट परत आली, गाळलेले शब्द दिसायची सोय झाली आणि पुढच्या पेशंटांची भाषा गोळा करायचा नियम बदलला. आता नातेवाइकांना पहिला प्रश्न असतो, हा माणूस चिडल्यावर काय म्हणतो?

समीक्षकांपैकी एकानं मला पत्र लिहिलं की कवितेचा उगम दाढेत असला म्हणून तिचं मोल कमी होत नाही. मला ते उत्तर देण्याजोगं वाटलं नाही.

सूज ओसरल्यावर मी गफूरकडं गेले. पातळी शून्यावरच होती, त्यानंच डोळ्यांनी तसं सांगितलं होतं. डबीचा आवाजही बंद ठेवला होता, फक्त पडदा. आता तो पूर्वीपेक्षा जरा लवकर बोलायचा, म्हणजे चहा गार होईपर्यंत एक शब्द. तहसीन दुकान बंद करून आली होती आणि पलीकडच्या स्टुलावर बसली होती.

"गफूर," मी म्हटलं, "अंक मी छापला नाही. पण खरं सांग, 'ठणका' कशी होती?"

मी थांबले. अक्षरं यायला लागली. भि. का. र.

मी हसले आणि मला लागलंही. त्या कवितेचं नाव मीच ठेवलं होतं. पण 'गफूर आहे' असं त्या क्षणी जेवढं वाटलं तेवढं त्या गोड महिन्यांत एकदाही वाटलं नव्हतं.

तहसीन हसली नाही. तिच्या हातात घडी घातलेला कागद होता, दुकानातला. ती किती दिवस हा प्रश्न घेऊन फिरत होती कोण जाणे. ती पुढं झुकली.

"अब्बा, मेरे कू जो जो बोले ना तुम," ती म्हणाली, "मेरे पे नाज है बोल्के, वो सब... वो तुम बोले क्या?"

गफूरनं तिच्याकडं पाहिलं. डोळे वर करायला त्याला काही कष्ट नव्हते. एक क्षण आणि पोरगी सुखी झाली असती. मी मनातल्या मनात त्याला विनवत होते, कर रे वर, कर, खोटं तर खोटं.

डोळे खाली गेले.

तहसीननं मान हलवली. "बरं," एवढंच म्हणाली आणि कागदाची घडी आणखी लहान करत राहिली. मला तिच्या तोंडाकडं बघवेना.

तेवढ्यात पडद्यावर रेघ हलली. त्याला अजून बोलायचं होतं. आम्ही दोघी वाट पाहत बसलो. कपाळावर शीर फुगली, अक्षर आलं, मोडलं, परत आलं. यंत्रानं काही जोडलं नाही, काही गाळलं नाही.

नै बोल्या.

मग बऱ्याच वेळानं त्याखाली,

अब बोल्तूं.

तहसीननं स्टूल ओढून अगदी पलंगाला लावलं आणि पडद्याकडं नजर लावली. खालच्या ओळीवर पहिलं अक्षर उमटायला लागलं होतं.

तीस वर्षं गफूरची प्रत्येक ओळ सगळ्यांच्या आधी मी वाचत आले होते. ही मी वाचली नाही. पर्स उचलली, दार हळूच ओढून घेतलं आणि बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसले.